आईच्या गुडघ्यांना दीड लाखाचं इंजेक्शन द्यावं का?

एका वाचकाचं पत्र आलं आहे. लांब होतं, म्हणून थोडं आवरून देते.

“डॉक्टरबाई, नमस्कार. मी नोकरीसाठी डोंबिवलीत, गाव आचऱ्याजवळ. आईचं वय ६३, वजन ७४ किलो, उंची पाच फूट. पाच वर्षं तिचे गुडघे दुखतात, उजवा जास्त. मध्यंतरी चिकनगुनिया झाला, तेव्हापासून दुखणं वाढलं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, ‘ग्रेड थ्री, गादी झिजली.’ जितकं चालशील तितकी गादी झिजेल, असं शेजारणींनी तिला सांगून ठेवलंय. तिने घाटीच्या पायऱ्या उतरणं सोडलं, देवळात जाणं सोडलं, यंदा भाताचा तरवा काढायलाही गेली नाही. दिवसभर पडवीत खुर्चीत बसते आणि म्हणते, ‘गुडघ्यातला वंगण संपला, आता माका चलूक जमणा नाय.’ मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या आणि गादीच्या कॅप्सूल चालू आहेत. मी बी.एस्सी. आहे, म्हणून थोडं वाचलं. सांध्याच्या आजारात पेशींवरच्या रिसेप्टरचा मोठा वाटा असतो, असं सगळीकडे दिसतं. इथल्या एका दवाखान्याच्या पत्रकात ‘कूर्चेतील झोपलेले रिसेप्टर जागे करून नवी गादी’ असं छापलंय. दोन्ही गुडघ्यांचे दीड लाख. बायको म्हणते, सोनं मोडू. हे रिसेप्टर प्रकरण खरं आहे का? इंजेक्शन द्यावं, की आईने नुसता आराम करावा?”

सोनं मोडू नका. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल. आणि आईंना त्या खुर्चीतून उठवा. माझ्या मते इंजेक्शनपेक्षाही हे जास्त निकडीचं आहे.

रिसेप्टरबद्दल, म्हणजे पेशीवरच्या निरोप पकडणाऱ्या प्रथिनांबद्दल, तुम्ही जे वाचलंत ते खरं आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या आजाराकडे, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसकडे, बघण्याची संशोधकांची नजर त्यांच्यामुळेच बदलली. पण तीच माहिती नीट समजून घेतली, तर त्या पत्रकावरचा विश्वास उडतो आणि आईंच्या खुर्चीची काळजी वाटायला लागते. म्हणून थोडं खोलात जाते. तुम्ही बी.एस्सी. आहात, कंटाळणार नाही.

गुडघ्यातली कूर्चा, जिला सगळे ‘गादी’ म्हणतात, म्हणजे हाडाच्या टोकावरचा २ ते ४ मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत, पांढुरका थर. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. वजनाच्या ६५ ते ८० टक्के पाणीच. उरलेल्यात मुख्य म्हणजे कोलॅजेनच्या धाग्यांचं जाळं, आणि त्या जाळ्यात अडकवून ठेवलेले ॲग्रेकन नावाचे रेणू, जे पाणी धरून ठेवतात. या सगळ्या पसाऱ्यात जिवंत पेशी शंभरात दोन-तीन वाटे. एकेकटी पेशी, शेजारीण लांब, आपापल्या पोकळीत बसलेली. जाळं विणायचं, राखायचं, खराब झालेलं काढायचं, सगळं तिच्याच अंगावर.

लहानपणी तुम्ही रापण ओढली असेलच. किनाऱ्यावर दोन्ही टोकांना माणसं दोरी धरून उभी, जाळं पाण्याखाली, वरून काही दिसत नाही. तरी जुन्या रापणकाराच्या हाताला ओढ बसली की त्याला कळतं जाळ्यात काय आहे, ते कुठे अडकलंय, कुठे हलकं लागतंय. कूर्चेतली पेशी अशीच जगते. तिला डोळे नाहीत, रक्तातून निरोप येत नाही, नसेतून येत नाही. तिच्या अंगावरचे रिसेप्टर हेच तिचे हात. त्यातले इंटिग्रिन नावाचे रिसेप्टर आजूबाजूच्या जाळ्याला धरून असतात. तुम्ही पाऊल टाकलंत, कूर्चा दबली, जाळं ताणलं गेलं, की ती ओढ इंटिग्रिनमधून पेशीच्या आत पोहोचते. ओढ नेहमीची असेल तर पेशी आपलं राखण्याचं काम करत राहते.

आता जाळं फाटलं समजा. गुडघ्याला मार लागला, वर्षानुवर्षं जास्त भार पडला, वय झालं, काहीही. जाळ्याचे तुटके तुकडे पेशीभोवती तरंगायला लागतात. फायब्रोनेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं. ते अखंड असतं तेव्हा ज्या इंटिग्रिनला शांतपणे चिकटून असतं, त्याच इंटिग्रिनला त्याचे तुकडे चिकटले की पेशीला वेगळाच निरोप मिळतो: इथे मोडतोड झाली आहे, साफ करायला घे. ॲग्रेकनचे आणि हायल्युरोनिक आम्लाचे तुकडेही असेच बोलतात. ते टोल-लाइक रिसेप्टरला जाऊन भिडतात, आणि हे तेच रिसेप्टर, जे एरवी शरीरात शिरलेले जंतू ओळखायला असतात. पेशीला वाटतं बाहेरचा शत्रू आला. मग ती कातऱ्या सोडते. त्यातल्या एका कातरीचं नाव एमएमपी-१३, ती कोलॅजेन कापते. दुसरी ॲडॅमटीएस-५, ती ॲग्रेकन कापते. कापलं की आणखी तुकडे, तुकड्यांनी आणखी रिसेप्टर, आणखी कातऱ्या. जाळं सांधायला बसलेला माणूसच हातात सुरी घेऊन ते कापत सुटावा, तसं हे चालतं.

यातला एक रिसेप्टर मला फार बोलका वाटतो. त्याचं नाव डीडीआर-२. निरोगी कूर्चेत प्रत्येक पेशीभोवती एक पातळ वेगळं आवरण असतं, त्यामुळे पलीकडच्या जाड कोलॅजेनला हा रिसेप्टर शिवतच नाही. पावसाआधी आपल्याकडे मातीच्या भिंतीला माडाच्या चुडतांचे झाप बांधायचे ना, तसं. झाप शाबूत तोवर आतली भिंत कोरडी. पेशीभोवतीचं ते आवरण विरलं की डीडीआर-२ थेट जाड कोलॅजेनला भिडतो आणि पेशी एमएमपी-१३ करायला लागते. रिसेप्टर तोच, पेशी तीच, फक्त मधलं पांघरूण गेलं.

आता पत्रकातलं वाक्य पुन्हा वाचा: ‘झोपलेले रिसेप्टर जागे करून’. आईंच्या गुडघ्यातले रिसेप्टर झोपलेले नाहीत. ते टक्क जागे आहेत आणि चुकीचे निरोप ऐकताहेत. ‘गादी झिजली’ हा शब्दही मला म्हणूनच आवडत नाही. टायर झिजतो, त्याला काही कळत नाही. कूर्चेतल्या पेशीला कळतं, ती उत्तर देते, आणि उत्तर कसं देणार हे तिच्यापर्यंत काय पोहोचतं यावर ठरतं.

मग खुर्चीत बसून राहिलं तर तिच्यापर्यंत काय पोहोचतं?

२०१४ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी हे पेशींवर तपासलं. हळुवार, नेहमीच्या चालण्यासारखा दाब पेशीला टीआरपीव्ही-४ नावाच्या दारातून कळतो. त्या दाबाने पेशी नवं ॲग्रेकन करायला लागते, म्हणजे राखण्याचं काम वाढतं. दणका बसला, दाब इजा होण्याइतका झाला, तर दुसरी दोन दारं उघडतात: पिएझो-१ आणि पिएझो-२. त्यातून कॅल्शियम इतकं आत घुसतं की पेशी मरते. एका कोळ्याच्या विषातल्या घटकाने ही पिएझो दारं बंद केली तेव्हा मरणाऱ्या पेशी कमी झाल्या. पिएझोचा शोध ज्यांच्या प्रयोगशाळेत लागला त्या आर्डेम पटापुटियन यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत २०२१ चं नोबेल मिळालं, ते स्पर्श आणि तापमान ओळखणाऱ्या रिसेप्टरच्या कामासाठी.

मापातला दाब पेशीला कामाला लावतो, दणका तिला मारतो. आणि अजिबात दाब नसेल तर ती उपाशी राहते, हे शब्दशः घ्या. कूर्चेत रक्त नाही, म्हणजे तिचं अन्न सांध्यातल्या पाण्यातूनच यायला हवं. पाऊल टेकलं की कूर्चेतलं पाणी बाहेर ढकललं जातं, उचललं की नवं आत ओढलं जातं. आचऱ्याच्या खाडीत भरती-ओहोटी थांबली तर आतल्या पाण्याचं काय होईल, ते तुम्हाला मी सांगायला नको. आई म्हणतात ते वंगण सांध्याच्या आतलं अस्तर तयार करतं, आणि ते कूर्चेवर फिरतं, पसरतं ते सांधा हलला की.

म्हणून शेजारणींचा सल्ला, कितीही मायेने दिलेला असला तरी, उलटा आहे. मी त्यांना दोष देणार नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही बायकांना तेच सांगितलं: चढउतार नको, आराम करा. एक मासे विकणारी मावशी माझं अगदी मनापासून ऐकून घरी बसली. आठ महिन्यांनी आली तेव्हा मी तिच्या मांडीवर हात ठेवला. डोक्यावरून टोपली वाहून घट्ट झालेली ती मांडी हाताखाली ढिली लागली, आणि गुडघा आधीपेक्षा जास्त दुखत होता. मांडीचा पुढचा स्नायू गेला की पावलाचा धक्का थेट सांध्यावर उतरतो. तिचे ते आठ महिने मी वाया घालवले, याची चुटपुट मला अजून आहे. तुमच्या आईंचे तसे जाऊ नयेत.

आता इंजेक्शन. तुमच्या मनात साहजिक येईल की दोष रिसेप्टरमध्ये आहे, तर रिसेप्टरलाच औषध का नाही? हुशार माणसांनी, भरपूर पैसा ओतून, हेच करून पाहिलं आहे. इंटरल्युकिन-१ हा सूज वाढवणारा निरोप्या. त्याचा रिसेप्टर अडवणारं अनाकिन्रा नावाचं औषध आमवाताला वापरतात. ते ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या गुडघ्यात टोचून पाहिलं. चार आठवड्यांनी खरं औषध दिलेल्यांत आणि खोटं, म्हणजे औषधच नसलेली सुई दिलेल्यांत फरक निघाला नाही. दुखण्याच्या नसांवर एनजीएफ नावाच्या प्रथिनाचा रिसेप्टर असतो. ते प्रथिन तिथे पोहोचूच नये म्हणून टॅनेझुमॅब आलं. दुखणं खरोखर कमी झालं, पण काही जणांचे सांधे झपाट्याने खराब झाले. मार्च २०२१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी त्याच्या विरोधात कौल दिला. तिसरं स्प्रायफर्मिन. हे कूर्चापेशींवरच्या एफजीएफ रिसेप्टरला चालना देतं, म्हणजे पत्रकात जे छापलंय त्याच्या सगळ्यात जवळचं. २०१९ मध्ये ५४९ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. दोन वर्षांनी सगळ्यात मोठ्या मात्रेच्या गटात कूर्चेची जाडी खोट्या औषधाच्या गटापेक्षा ०.०५ मिलिमीटरने जास्त होती. आणि दुखणं? दोन्ही गटांत सारखंच.

हा शेवटचा आकडा मी माझ्या रुग्णांना नेहमी सांगते. कूर्चेत नसच नाही, तेव्हा ती दुखूही शकत नाही. दुखतं ते सांध्याचं अस्तर, खालचं हाड, भोवतीचे स्नायू आणि बंध. जाडी कणभर वाढली म्हणजे घाटी उतरता येईल, असं होत नाही.

कूर्चा नव्याने उगवून दुखणंही घालवेल, असं मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेलं औषध या आजारावर आज नाही. तेव्हा त्या दवाखान्यात गेलातच, तर एवढंच विचारा: सुईत नेमकं काय आहे, ते कुठल्या रिसेप्टरवर काम करतं, माणसांवरची चाचणी कुठे छापली आहे, आणि हे सगळं सहीशिक्क्यासह कागदावर द्याल का. त्याऐवजी पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटची सुई सुचवली, तर तिचीही २०२१ मध्ये २८८ जणांवर चाचणी झाली आहे. वर्षभराने ती आणि मिठाचं पाणी यांत दुखण्याचा फरक दिसला नाही. स्टेरॉइडची सुई गुडघा सुजला असताना एखाद्या वेळी उपयोगी पडते, मीही देते. पण दर तीन महिन्यांनी नको. २०१७ मधल्या चाचणीत तशी दोन वर्षं दिली, तेव्हा कूर्चा मिठाच्या पाण्यापेक्षा जास्त कमी झाली होती.

गादीच्या कॅप्सूल म्हणजे ग्लुकोसामाइन. बहुतेक वेळा ते कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून काढतात. २००६ मध्ये १,५८३ रुग्णांवर त्याची मोठी तपासणी झाली, आणि एकूण रुग्णांत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. माझं मत विचाराल तर बंद करा, त्या पैशांत आईंना चांगल्या चपला येतील. दुखण्याच्या गोळ्यांची मला जास्त काळजी आहे. मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळीत काय आहे ते पाकिटावर वाचा आणि त्याचा फोटो डॉक्टरांना दाखवा. साठीनंतर या गोळ्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडाला, पोटाला इजा होऊ शकते आणि रक्तदाब वाढतो. एकदा क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) आणि रक्तदाब बघून घ्या. तोवर डायक्लोफिनॅकचं मलम दिवसातून तीन-चार वेळा गुडघ्यावर लावलं, तर पोटातल्या गोळीची गरज पुष्कळांची कमी होते.

दुसरं एक मलम कॅप्सेसिनचं मिळतं. तेही रिसेप्टरवरच काम करतं. मे महिन्यात मसाल्याच्या मिरच्या कुटल्यावर आईंचे हात रात्रभर जळायचे, आठवतं? ती आग मिरचीतलं कॅप्सेसिन नसांवरच्या टीआरपीव्ही-१ रिसेप्टरला लावतं. हाच रिसेप्टर १९९७ साली ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मिरचीच्या मदतीने शोधला. औषधी मलम रोज लावलं तर पहिले काही दिवस चुरचुरतं, मग नस त्या जागी मंदावते आणि गुडघ्याचं दुखणं थोडं उतरतं. घरी मिरची वाटून मात्र कुणीही लावू नका, कातडी भाजून आलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. मलम लावलं की हात साबणाने धुवायचे, डोळ्याला लावायचे नाहीत.

चिकनगुनियाचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, त्यातही रिसेप्टर आहे. २०१८ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की हा विषाणू एमएक्सआरए-८ नावाच्या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो. हे प्रथिन कूर्चापेशींवर असतं आणि सांध्याच्या अस्तरातल्या पेशींवरही. ताप उतरल्यावर महिनोन्‌महिने, कधी वर्षांनी सांधे धरून राहतात, ते उगीच नाही. आईंना एक गोष्ट विचारा: सकाळी उठल्यावर बोटं, मनगटं अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली असतात का, त्यांवर सूज असते का? असेल तर हा नुसता गुडघ्याचा आजार नाही, संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवून रक्त तपासायला हवं. फक्त गुडघे दुखत असतील आणि चार पावलं टाकल्यावर सुटत असतील, तर पुढे वाचा. एखाद्या दिवशी गुडघा अचानक लाल, गरम होऊन ताप आला, तर मात्र माझं पत्र बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

करायचं काय? सकाळी खाटेवर पाय सरळ ठेवून बसायचं. गुडघ्याखाली पंचाची जाड गुंडाळी. गुडघ्याने ती खाली दाबायची, मनात पाच मोजायचे, सोडायचं. दहा वेळा एक पाय, दहा वेळा दुसरा. हीच मात्रा संध्याकाळी. मांडीचा पुढचा स्नायू दगडासारखा झाला पाहिजे, तो आईंच्या हाताला लागला पाहिजे. त्यांचाच हात मांडीवर ठेवायला सांगा. दुसरं, खुर्चीतून हात न टेकता उठणं आणि सावकाश बसणं. सुरुवातीला बैठकीवर जाड उशी ठेवा, म्हणजे उंची वाढते. तिसरं, चालणं. दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी, आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत न्यायचं. पावसात घाटी नको, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं असतं, आणि या वयात घसरून खुबा मोडणं हे गुडघ्यापेक्षा वाईट. पडवीतून माजघर, माजघरातून मागचं दार, असं घरातच चालू देत. उघडीप मिळाली की डांबरी रस्ता. पाऊस गेल्यावर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवरून.

चालताना थोडं दुखेल. आईंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी शेजारणी जिंकतील. थोडं दुखणं म्हणजे नुकसान नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या सकाळसारखाच असेल तर मात्रा बरोबर आहे. सुजला, जास्त ठणकला, तर दोन दिवस निम्मं करा, पण शून्य करू नका. पुढे घाटी सुरू होईल तेव्हा चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. जवळ फिजिओथेरपिस्ट असेल तर एकदा त्यांच्यासमोर हे सगळं करून घ्या. दीड लाखातले दोन-तीन हजार तिथे गेले तर ते सार्थकी लागतील.

घरात दणके कमी करा. आई अजून आडाळो (विळी) खाली घेऊन मासे कापत असतील. ओट्यावर सुरी आणि फळी द्या. दोन-तीन आठवडे कुरकुर होईल, मग हात बसतो. न्हाणीत उंच स्टूल. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची खुर्ची मिळते, ती आणा. उकिडवं बसून खळं सारवणं, काजूच्या बिया वेचणं हे गुडघ्याला जड जातं, ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं.

आणि वजन. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने उतरतो, हे २००५ मध्ये मोजून पाहिलेलं आहे. पाच किलो गेले तर पावलाला वीस किलो. शिवाय चरबी नुसतं ओझं नाही. ती लेप्टिन नावाचा निरोप रक्तात सोडते, त्याचे रिसेप्टर कूर्चापेशींवर आहेत, आणि लेप्टिन जास्त झालं की तिथेही कातऱ्या निघतात. म्हणूनच जाड माणसांच्या बोटांचे सांधेही जास्त बिघडतात, आणि बोटांवर तर कुणी चालत नाही. २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड या वजनाच्या औषधाची ४०७ लठ्ठ गुडघेदुखीच्या रुग्णांवर चाचणी छापून आली. शंभरपैकी मोजलेलं दुखणं औषधाच्या गटात जवळजवळ ४२ गुणांनी उतरलं. पण मला दुसरा आकडा जास्त भावला. खोटं औषध मिळालेल्यांचंही साडेसत्तावीस गुणांनी उतरलं, आणि आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना होता. ते औषध आईंना द्यायचं की नाही हे त्यांच्या डॉक्टरांनी साखर, पोट, सगळं बघून ठरवावं, तुम्ही परस्पर आणू नका. बांगडे, पेडवे जेवणात राहू देत. रात्रीचा भात निम्मा आणि चहातली साखर बंद, इथून सुरू करा. सहा महिन्यांत पाच किलो, त्याहून घाई नको.

एवढं सगळं करून वर्षभराने झोप लागेना, घरातल्या घरात फिरता येईना, तर सांधा बदलायला घाबरू नका. वाजपेयी पंतप्रधान असताना २००० साली त्यांचा एक गुडघा मुंबईत बदलला, पुढच्या वर्षी दुसरा. कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली, त्यामुळे बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. सोनं मोडायची वेळ आलीच तर ती तेव्हा येईल.

आज रात्री आईंना फोन करा. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर घडी, आणि तुम्ही घड्याळात तीस सेकंद लावा. तेवढ्यात त्या किती वेळा पूर्ण उभ्या राहून बसतात ते मोजा. त्यांच्या वयाच्या बाईला बारा वेळा जमायला हवं. आज तीन झाले तरी चालेल, हात टेकावे लागले तरी चालेल, तेही लिहून ठेवा. चतुर्थीला तुम्ही गावी जालच. आरतीला उभं राहायच्या आधी पुन्हा एकदा मोजा, आणि दोन्ही आकडे मला कळवा. वाट बघते.